मणक्यांतील चकती आणि तिची शस्त्रक्रिया

पाठींत उसण भरली, म्हणजे शेक, लेप आणि 'जड उचलूं नको' हा उपदेश एवढ्यावर घरांतील वडील माणसें वेळ भागवितात. आणि बहुधा तेवढ्यानें भागतेंही. परंतु तीच कळ कमरेंतून निघून मांडीमागून पोटरींत व तेथून पावलाच्या अंगठ्यापर्यंत उतरूं लागली, म्हणजे प्रकरण निराळें आहे असें समजावें. आयुर्वेदानें या विकारास गृध्रसी म्हटलें. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हें नांव, असें सांगतात. गेल्या वर्षीं कॉलेजच्या व्हरांड्यांतून मी तीन महिने त्याच चालीनें हिंडलों; नांव ठेवणाराच्या निरीक्षणाविषयीं मला तेव्हांपासून फार आदर वाटतो.

ही कळ सांध्याची नसून मज्जातंतूचीही असूं शकते, हें युरोपांत १७६४ सालीं नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यानें स्पष्टपणें मांडलें. पॅरिसच्या लासेगचा शिष्य फोर्स्ट यानें १८८१ सालीं, रोग्यास उताणें निजवून पाय सरळ वर उचलण्याची परीक्षा लिहून ठेवली. ती आजही डॉक्टर करतात आणि रोगी ओरडतात. पण या तंतूस डिवचतें कोण, हें कोडें सुटत नव्हतें. दोन मणक्यांच्या मध्यें एक चकती असते. आपण बोलण्यांत तिला गादी म्हणतों. बाहेरून चिवट तंतूंचें कडें आणि आंत मऊ, पाणीदार गर. कडें फाटून गर मागें निसटला, कीं तो शेजारच्या तंतूच्या मुळास दाबतो व तेथें दाह उत्पन्न करतो. एवढीच ही गोष्ट. पण ती कळण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

मौज अशी, कीं उत्तर सर्जनांच्या चिमट्यांत आधींच येऊन गेलें होतें. १९०८ सालीं बर्लिन येथें क्राउझ यानें एका रोग्याच्या कण्यांतून एक गांठ काढली. वेदना थांबली, आणि ती कूर्चेची अर्बुदगांठ असावी असें ठरून प्रकरण मिटलें. १९११ सालीं ग्लासगो येथें जड वजन उचलतांना पायांतील शक्ति जाऊन पुढें मृत्यु पावलेल्या एका मनुष्याच्या शवांत मिडल्टन व टीचर यांना चकतीचा तुकडाच सांपडला. ड्रेस्डेनच्या श्मोर्ल यानें तर हजारों कणे चिरून पाहिले. असाच एक चिरतांना बोटास झालेल्या जखमेचें विष भिनून १९३२ सालीं तो वारला. इतकें सारें दृष्टीसमोर असूनही 'अर्बुद' या शब्दानें सर्वांचे डोळे बांधले होते.

तो पडदा बोस्टनमध्यें दूर झाला. बर्फावरील घसरणीच्या खेळांत दुखावलेला एक तरुण मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत आला. अस्थितज्ज्ञ जोसेफ बार यांनीं त्यास मज्जाशल्यज्ञ मिक्स्टर यांजकडे धाडलें व १९३२ च्या डिसेंबरांत, कण्यांत गांठ आहे अशा समजुतीनेंच, शस्त्रक्रिया झाली. काढलेला तुकडा बार यांनीं निरोगी चकतीशीं ताडून पाहिला, दोन्ही एकच! मग या मंडळींनीं हॉस्पिटलांत जपून ठेवलेले जुने नमुने उघडले, तों 'अर्बुद' अशी चिठ्ठी लावलेल्या कित्येक बाटल्यांत चकतीच निघाली. मला या कथेंतील शस्त्रक्रियेपेक्षां हें बाटल्या उघडणें अधिक मोलाचें वाटतें. आपल्याच संस्थेंतील चुकीच्या चिठ्ठ्या स्वतः वाचून दुरुस्त करणारे लोक कोणत्याही धंद्यांत थोडेच. १९३४ च्या ऑगस्टांत त्यांनीं १९ रोग्यांचा निबंध प्रसिद्ध केला.

नव्या ज्ञानाबरोबर नवा उत्साह येतो. पुढील कांहीं दशकें चकत्या सर्रास काढल्या गेल्या, आणि सर्वांनाच सुख लाभलें असें नाहीं. जॉन केनेडी यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४४ सालच्या शस्त्रक्रियेनें त्यांस फारसा उतार पडला नाहीं. १९५४ च्या ऑक्टोबरांत, ॲडिसनच्या विकारामुळें जिवास धोका आहे हें ठाऊक असतांही, त्यांनीं न्यूयॉर्क येथें कणा धातूच्या पट्टीनें जोडून घेतला. विषबाधा होऊन अंत्यसंस्काराचा धर्मविधि झाला, आणि पुढल्या फेब्रुवारींत पट्टी काढावी लागली. १९६१ पासून हान्स क्राउस यांनीं लावून दिलेल्या नियमित व्यायामानें पुष्कळ बरें वाटूं लागलें, ही त्यांतील शिकण्यासारखी गोष्ट.

शस्त्र घ्यावें कीं वाट पाहावी, याचा हिशेब नॉर्वेच्या वेबर यांनीं १९८३ सालीं मांडला. निश्चित निर्णय होत नव्हता असे १२६ रोगी त्यांनीं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वांटले. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेले सरस ठरले. चार वर्षांनीं तो फरक गणितांत टिकला नाहीं. २००७ सालीं हॉलंडांत २८३ रोग्यांवर तेंच दिसलें: लौकर शस्त्र घेणारे लौकर बरे झाले, पण वर्षाअखेर दोन्ही गटांत शेंकडा ९५ बरे, मात्र थांबलेल्यांपैकीं ३९ टक्क्यांनीं अखेर शस्त्र घेतलेंच. शिवाय १९९४ सालीं अमेरिकेंत पाठ मुळींच न दुखणाऱ्या ९८ जणांची चुंबकीय छायाचित्रें घेतलीं, तर निम्म्यांहून अधिकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. लघवीवरील ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर मात्र हा वाद घालीत बसूं नये; त्याच दिवशीं हॉस्पिटल गांठावें.

हे आंकडे मीं वाचले, पत्नीस वाचून दाखविले, आणि थांबण्याचें ठरविलें. तिचें म्हणणें एवढेंच, कीं आंकड्यांतले रोगी रात्रीं तिच्या शेजारीं कण्हत नाहींत. तेराव्या आठवड्यांत उजवी चप्पल पायांतून आपोआप गळूं लागली. पाऊल वर उचलेना. डॉक्टर म्हणाले, "सर, आतां दुखण्यापेक्षां या पावलाचा विचार करा." तेव्हां मीं होकार दिला. १९७७ सालीं यासारगिल व कास्पार यांनीं रूढ केलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या रीतीनें लहानशा छेदांतून काम झालें. दुसऱ्या सकाळीं मला चालविलें; पायांतील ती जुनी कळ नव्हती, आणि तिच्या नसण्याची संवय होण्यास दोन दिवस लागले. पुढें रोज थोडें अधिक चालणें, वांकून कांहीं न उचलणें. नात धांवत आली तरी तिला उचलून घेतां येईना, हें पथ्य सर्वांत जड गेलें.

पाऊल आतां उचलतें. अंगठ्याजवळ रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. चप्पल चढवितांना खालीं पाहावें लागतें.