अग्रवाल, श्याम स्वरूप

अग्रवाल, श्याम स्वरूप : (५ जुलै १९४१ – २ डिसेंबर २०१३). भारतीय वैद्यक आनुवंशिकीविज्ञ आणि प्रतिरक्षाशास्त्रज्ञ. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील आनुवंशिकी विभागाचे संस्थापक प्राध्यापक व पुढे त्या संस्थेचे संचालक. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन केंद्राचेही (ॲक्ट्रेक) ते संचालक होते. डीएनए पॉलिमरेज या विकरावरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. वैद्यकशास्त्रासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना १९८६ मध्ये मिळाला.

त्यांचे वैद्यकीय शिक्षण लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजात झाले. या कॉलेजाची कोनशिला १९०५ साली तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे नंतरच्या पाचव्या जॉर्जने बसवली आणि १९११ पासून तेथे वर्ग भरू लागले. लखनौ विद्यापीठ निघाल्यावर ते त्या विद्यापीठाची वैद्यकशाखा बनले व २००२ पर्यंत तसेच राहिले. तेथून बाहेर पडलेले डॉक्टर स्वतःला आजही ‘जॉर्जियन’ म्हणवतात. अग्रवाल या अर्थाने पक्के जॉर्जियन. मात्र त्यांच्या विद्यार्थिदशेत आनुवंशिकी हा भारतीय रुग्णालयांतला विषय नव्हता. ती शिकवली जाई वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या विभागांत, वाटाणा, मका आणि फळमाशीच्या आधाराने. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात ही गोष्टच १९५६ साली पक्की झाली. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते, हे झेरोम लझन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले ते १९५९ मध्ये. पुस्तकात छापलेल्या या वाक्यांची शाई जेमतेम वाळली होती, त्या काळात अग्रवाल डॉक्टर झाले.

पुढच्या प्रशिक्षणासाठी ते अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस भागातील इन्स्टिट्यूट फॉर कॅन्सर रिसर्च येथे गेले. तेथे बरूच ब्लमबर्ग होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलेला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ म्हणजे हिपॅटायटिस बी विषाणूचेच आवरण, हे ज्यांच्या कामातून उलगडले आणि ज्यांना १९७६ चे नोबेल मिळाले, ते हेच. वसतिगृहवजा संस्थांत राहणाऱ्या डाऊन सिंड्रोमच्या रुग्णांत हा प्रतिजन फार आढळतो, ही ब्लमबर्ग गटाची महत्त्वाची नोंद होती. या रुग्णांची प्रतिकारशक्ती नेमकी कुठे कमी पडते, हा प्रश्न त्यातून पुढे आला. त्याच संस्थेत लॉरेन्स लोब डीएनएची नक्कल करणाऱ्या विकरांवर काम करत होते. अग्रवालांनी या दोघांची कामे जोडली.

रक्तातल्या लसीकापेशी एरवी शांत असतात, विभाजन पावत नाहीत. राजम्याच्या दाण्यातून काढलेले फायटोहिमॅग्लुटिनिन हे प्रथिन त्यांच्यावर टाकले की त्या जाग्या होतात, फुगतात, डीएनएची प्रत काढतात आणि दुभंगतात. पीटर नॉवेल यांना हे १९६० साली, फिलाडेल्फियातच, लक्षात आले. तेव्हापासून ‘पेशी किती जागी झाली’ हे मोजण्याच्या अनेक रीती निघाल्या. अग्रवाल, ब्लमबर्ग, लोब व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये आणखी एक रीत मांडली : पेशीतील डीएनए पॉलिमरेजची क्रियाशीलता मोजा. प्रत काढायची तर प्रत काढणारे यंत्र आधी लागणारच, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. ही मोजपट्टी त्यांनी डाऊन सिंड्रोमच्या रुग्णांच्या लसीकापेशींना लावून पाहिली. निबंध ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मध्ये आला. शीर्षकात विकर आणि रुग्ण दोघेही होते, आणि अग्रवालांच्या पुढच्या कामाचा साचा त्यातच दिसतो.

लोब यांच्याबरोबरचे काम सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातही चालू राहिले. तेव्हा वार्धक्याविषयीची एक कल्पना फार चर्चेत होती. लेस्ली ऑर्गेल यांनी १९६३ मध्ये असे सुचवले होते की पेशी प्रथिने बनवताना लहानसहान चुका करते, त्या चुकांतून प्रत काढणारी यंत्रेच सदोष होतात, ती आणखी चुका करतात, आणि अखेर चुकांचा डोंगर कोसळून पेशी म्हातारी होते. कल्पना मोहक होती, पण तपासता येण्याजोगीही होती : वृद्धांच्या पेशीतले पॉलिमरेज तरुणांच्या पॉलिमरेजपेक्षा जास्त चुकते का? अग्रवाल, टफ्नर व लोब यांनी १९७८ मध्ये मानवी लसीकापेशींवर हे पाहिले. उत्तर नकारार्थी आले. विकराची अचूकता वयानुसार ढळलेली दिसली नाही. पुढल्याच वर्षी दीपक दुबे व लोब यांच्यासह त्यांनी ई. कोलाय जिवाणूच्या पॉलिमरेज–१ ची अचूकता मोजणारा निबंध प्रसिद्ध केला. ही वरवर कोरडी मोजमापे वाटतात. पण कर्करोगाच्या पेशीत उत्परिवर्तने इतकी का साठतात, या लोब यांच्या मोठ्या प्रश्नाला अशाच मोजमापांचा पाया होता. किरणोत्सर्गाने इजा झालेल्या लसीकापेशी राजम्याच्या प्रथिनाला कसा प्रतिसाद देतात, यावरून डीएनएची दुरुस्ती नीट होत नसलेल्या व्यक्ती ओळखण्याची चाचणीही या गटाने १९७७ मध्ये सुचवली होती.

भटनागर पुरस्काराच्या संदर्भात या विकराचेच नाव घेतले जाते. प्रस्तुत नोंदकाराला मात्र अग्रवालांचे अधिक टिकाऊ काम लखनौत उभे राहिलेल्या विभागात दिसते.

संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था लखनौच्या दक्षिणेस रायबरेली रस्त्यावर आहे. १४ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी तिची पायाभरणी केली, १९८३ मध्ये उत्तर प्रदेश विधिमंडळाच्या कायद्याने तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रुग्णसेवा सुरू झाली. लखनौकर तिला नुसते ‘पीजीआय’ म्हणतात. येथे एमबीबीएस शिकवले जात नाही. एमडी, एमएस झालेल्या डॉक्टरांना अतिविशेष शाखांत तयार करायचे, हे धोरण पहिल्यापासून होते. म्हणूनच हृदयरोग, मूत्रपिंडरोग यांच्या रांगेत आनुवंशिकीला रुग्णालयातला स्वतंत्र विभाग म्हणून जागा मिळाली, आणि वैद्यक आनुवंशिकीतील डीएम ही पदवी भारतात प्रथम येथे सुरू झाली. बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन असलेला डॉक्टर तीन वर्षे येथे राहून, वंशावळ कशी काढायची, गुणसूत्रे कशी वाचायची आणि आईबापांना काय व कसे सांगायचे हे शिकतो. ही पदवी मिळवणाऱ्या देशातील पहिल्या डॉक्टर शुभा फडके. पुढे त्या त्याच विभागाच्या प्रमुख झाल्या, आणि त्यांच्या ‘जेनेटिक्स फॉर क्लिनिशियन्स’ (२००७) या पुस्तकाने जनुकांपासून दूर पळणाऱ्या डॉक्टरांना धीर दिला.

विभागात येणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न ठरावीक असत. पहिले मूल थॅलेसेमियाचे, दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, दुसऱ्याचे काय? उत्तर भारतात या रोगाचा फाळणीशी संबंध आहे. सिंध आणि पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांत बीटा थॅलेसेमियाची काही उत्परिवर्तने विशेष आढळतात. त्यांतले एक म्हणजे ६१९ बेस जोड्यांचा तुकडाच गळून गेलेला असणे. उल्हासनगरमधल्या सिंधी वस्तीमुळे महाराष्ट्रालाही हा प्रश्न नवा नाही. कुठले उत्परिवर्तन ते आधी कळले की अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कण काढून गर्भाची तपासणी करता येते. ही घाई कायद्यामुळेही होती : १९७१ च्या गर्भपात कायद्यात मर्यादा २० आठवड्यांची होती, ती काही ठरावीक परिस्थितींत २४ वर गेली ती २०२१ मध्ये. दुसरीकडे गर्भजलपरीक्षा मुलगी पाडण्यासाठी वापरली जाऊ लागल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये सर्वांत आधी निर्बंधाचा कायदा केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. एकाच सुईचे हे दोन उपयोग. प्रामाणिक आनुवंशिकी विभागाला त्यांतल्या दुसऱ्याचा संशय आपल्यावर येणार नाही, अशी कागदपत्रे कायम चोख ठेवावी लागतात.

अग्रवालांचे नाव ज्या रोगाशी कायमचे जोडले गेले, तो मात्र उत्तर प्रदेशातला नाही. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यात, म्हणजे गिरसप्पाचा धबधबा आहे त्याच तालुक्यात, हंदिगोडु नावाचे खेडे आहे. १९७४-७५ च्या सुमारास तेथील चनंगी आणि चलवादी या दलित समाजांतील अनेक माणसांचे खुबे व गुडघे दुखून निकामी होत आहेत, असे ध्यानात आले. काही वाकून चालत, काहींना हाताच्या आधाराने सरकत जावे लागे, काहींची उंचीच वाढत नसे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी व भट यांनी १९७८ मध्ये ‘मलनाडचा कौटुंबिक संधिवात’ या आशयाच्या नावाने त्याची नोंद केली. गावोगाव पसरलेले स्पष्टीकरण वेगळे होते. भातखाचरांत नवी कीटकनाशके आली, त्या खाचरांतले खेकडे गरीब माणसांनी खाल्ले, आणि हाडे गेली. हरितक्रांतीच्या काळात ते कुणालाही पटण्यासारखे होते. शेजारची सवर्ण कुटुंबे खाचरातले खेकडे खात नाहीत, एवढा पुरावा लोकांना पुरेसा वाटे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात अग्रवाल, शुभा फडके, क्ष-किरणतज्ज्ञ रा. वि. फडके, दास, सिंग, शर्मा, तेवतिया आणि सक्सेना एकत्र आले. त्यांनी कुटुंबांच्या वंशावळी मांडल्या आणि सांध्यांचे क्ष-किरण फोटो वाचले. १९९४ मध्ये ‘स्केलेटल रेडिऑलॉजी’त प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की हा पाठीचे मणके आणि लांब हाडांची टोके यांच्या वाढीतला दोष आहे, आतापर्यंत वर्णन न झालेल्या प्रकारचा, आणि तो प्रभावी रीतीने संक्रमित होतो. म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी पुरे, आणि बाधित व्यक्तीच्या प्रत्येक मुलामागे धोका निम्मा. रोग काही समाजांतच का, याचे उत्तरही त्यात येते : लग्ने समाजातल्या समाजात होतात आणि जनुक त्या कुंपणाबाहेर जात नाही. खेकडे मग निर्दोष सुटतात. अर्थात रोग आनुवंशिक ठरल्याने रुग्णांची अडचण कमी झाली नाही. कीटकनाशक बदलता येते, जनुक बदलता येत नाही, आणि ‘घराण्यातला दोष’ या शब्दांत सांगितलेले निदान सोयरीक जुळवताना आडवे येते.

दक्षिण आफ्रिकेच्या झुलूलँडमध्ये म्सेलेनी या ठिकाणी असाच एक सांध्यांचा रोग आहे. केपटाउनचे पीटर बायटन आणि सहकाऱ्यांबरोबर अग्रवाल व फडके यांनी दोन्ही रोगांची तुलना १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. हे दोन्ही एकच लक्षणसमूह आहेत काय, अशा अर्थाचे प्रश्नचिन्ह त्यांनी शीर्षकातच ठेवले.

लखनौच्या संस्थेचे संचालकपद भूषवल्यावर अग्रवाल महाराष्ट्रात, ॲक्ट्रेकमध्ये, आले. ॲक्ट्रेकचे मूळ परळमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. ते केंद्र वसंतराव खानोलकर यांनी घडवले. खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ, पण त्यांनी आणि ल. दे. संघवी यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही गटांतील आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला होता. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या पहिल्या भक्कम कामांत तो मोडतो. ही संस्था २००२ मध्ये खारघरच्या विस्तीर्ण आवारात आली. हंदिगोडुच्या अंतर्विवाही कुटुंबांवर काम केलेला डॉक्टर खानोलकरांच्या खुर्चीवर बसावा, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी, भारतीय विज्ञान अकादमी (बंगळूरु), राष्ट्रीय विज्ञान अकादमी (अलाहाबाद) आणि राष्ट्रीय वैद्यक अकादमी यांचे ते अधिछात्र होते.

अभ्यासकासाठी एक सूचना. लखनौच्या याच संस्थेत सुरक्षा अग्रवाल आणि सरिता अग्रवाल या आनुवंशिकीच्या आणखी दोन प्राध्यापक झाल्या. पहिलीचे काम ऊतक-प्रतिजन व भारतीय लोकसमूहांच्या जनुकीय इतिहासावर, दुसरीचे मुख्यतः थॅलेसेमियावर. शोधसूचीत तिघेही ‘एस. अग्रवाल’ होतात, इंग्रजी वर्णलेखनही एकसारखे नाही, आणि एकाचा निबंध दुसऱ्याच्या खात्यावर सर्रास जमा होतो. श्याम स्वरूपांचा निबंध ओळखायचा तर दोन ‘एस’ पाहावेत.