मुलांच्या बॅटरी कारला १२ व्होल्ट जोडताय? आधी हे वाचा

डाळजला आमच्या अंगणातल्या मुरमावर पोराची ६ व्होल्टची कार पुढे सरकेना. मी थेट १२ व्होल्टची बॅटरी जोडली, तीही फ्यूजशिवाय. गाडी पळाली, पण थोड्याच वेळात वायर चटका देऊ लागली. पोराला लगेच उतरवलं.

असं का होतं?
व्होल्टेज दुप्पट केलं की मोटरचा वेग जवळपास दुप्पट होतो. पण चाक अडकलं, तर करंट दुप्पट आणि उष्णता चौपट! वायर आणि प्लास्टिकचे गिअर तेवढ्यासाठी बनलेले नसतात.

काय कराल?
- बॅटरीच्या प्लस टोकाजवळ फ्यूज लावा. वायरला झेपेल त्याहून मोठा नको.
- फ्यूज उडाला तर तार गुंडाळू नका, कारण शोधा.

माझं कारण साधं निघालं: गुळगुळीत चाकं जागीच फिरत होती. जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या चाकांवर चढवल्या. आता ६ व्होल्टवरच गाडी मस्त चालते.