पडद्यावरचं शहर कुणासाठी?

१५८३च्या नोव्हेंबरात चार जपानी मुलं गोव्यात येऊन पोचली. गोव्याच्या इतिहासात रस असणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. जेझुइट पाद्री अलेस्सांद्रो वालिन्यानो त्यांना पोपच्या भेटीला पाठवत होता; तो स्वतः गोव्यात राहिला, मुलं पुढं युरोपला गेली. मला चकित केलं ते त्यांच्या सामानाने. त्यात एक घडीचा पडदा होता आणि त्याच्यावर अख्खं शहर रंगवलेलं होतं: बिवा सरोवराकाठचं आझुची, बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाचा तिथला किल्ला आणि त्याच्या पायथ्याची वस्ती.

जपानी लोक या पडद्याला ब्योबु म्हणतात. हलक्या लाकडी चौकटींवर कागदाचे थर, वर रंग आणि सोन्याचा वर्ख. वाऱ्याला आडोसा हे त्याचं मूळ काम. इसवी सन ६८६मध्ये कोरियातल्या सिल्ला राज्याकडून असे पडदे जपानी दरबाराला नजराणा म्हणून आले, अशी ‘निहोन शोकी’त नोंद आहे. पुढं कागदी बिजागऱ्या आल्या, पानापानाभोवतीची चौकट गेली आणि चित्राला सलग पसरायला जागा मिळाली. एवढं पुरे. माझा प्रश्न वेगळा आहे. या आडोशावर शहर काढायचं कुणाला आणि कशासाठी सुचलं?

मुलं १५८२च्या फेब्रुवारीत नागासाकीहून निघाली. त्याच जूनमध्ये नोबुनागाचा घात झाला आणि थोड्याच दिवसांत आझुचीचा मनोरा जळाला. म्हणजे पडदा गोव्यात आला तेव्हा त्यावरचा किल्ला जमिनीवर उरलेला नव्हता. वालिन्यानोने तो गोव्यातल्या बड्या मंडळींना उलगडून दाखवलाच असणार. इतका मिरवण्याजोगा ऐवज कोण बांधून ठेवील? जेझुइटांच्या पत्रांत याच पडद्याची एक मजेदार हकीकत आहे. खुद्द सम्राटाला तो हवासा वाटला होता, पण नोबुनागाने कानाडोळा केला आणि तो या परक्या पाद्र्याला दिला. सम्राट तर हाकेच्या अंतरावर क्योतोत. शहराचं चित्र जवळच्याला नाकारून समुद्रापारच्याला द्यायचं, हा मला लहरीपणा वाटत नाही. मला त्यात रीत दिसते.

या रीतीचा माग मागे काढता येतो. क्योतोच्या शहर-पडद्याचा सर्वांत जुना उल्लेख सान्जोनिशी सानेताका या दरबारी सरदाराच्या रोजनिशीत, १५०६च्या अखेरीला सापडतो. तोसा मित्सुनोबु या चित्रकाराने राजधानीचं चित्र असलेला पडदा रंगवला होता. तो कुणी करवून घेतला? क्योतोतल्या कुणी नव्हे, तर दूर एचिझेन प्रांताच्या आसाकुरा घराण्याने. कुळातला पहिला कागदच गावाबाहेरच्या गिऱ्हाइकाचं नाव सांगतो.

दुसरा पुरावा मोठा आहे आणि त्याच्यावर अभ्यासकांची चांगलीच जुंपलेली आहे. चित्रकार कानो एइतोकुच्या नावावरचा, सहा-सहा पानांच्या जोडीचा क्योतोचा पडदा आज योनेझावाच्या उएसुगी संग्रहालयात आहे. त्यात अडीच हजारांच्या आसपास माणसं आहेत. नोबुनागाने तो १५७४ साली एचिगो प्रांताचा सरदार उएसुगी केन्शिन याला भेट दिला. इमातानी आकिरा या इतिहासकाराने १९८०च्या दशकात त्यातल्या एकेका वाड्याचा, देवळाचा ताळा घेऊन सांगितलं, की हे शहर १५४७चं आहे. एइतोकुचा जन्म १५४३चा. चार वर्षांच्या पोराने पडदा कसा रंगवावा? ज्यांना चित्र म्हणजे भूमापन वाटतं त्यांना हा हिशेब बिनतोड वाटेल. मला तो पटत नाही. सोनेरी ढगांनी हवं ते झाकणारा आणि हवं ते जवळ आणणारा चित्रकार वर्षाच्या हिशेबाला बांधून घेत नसतो. जुना आराखडा, जुनी चित्रं आणि गिऱ्हाइकाची इच्छा यांतून तो शहर रचतो.

कुरोदा हिदेओ यांचं उत्तर मला जास्त भावतं. त्यांच्या मते हा पडदा शोगुन आशिकागा योशितेरुने केन्शिनसाठीच करवला. तो पुरा झाला १५६५च्या नवव्या महिन्यात. त्याआधीच, पाचव्या महिन्यात, योशितेरु मारला गेला होता. मग पडदा तसाच पडून राहिला आणि नोबुनागाने तो ठरलेल्या माणसाकडे पोचवला. शोगुनच्या वाड्याकडे पालखीतून मिरवणुकीने येणारा सरदार म्हणजे केन्शिन, असंही कुरोदा म्हणतात. तसं असेल तर हे चित्र म्हणजे उघड आमंत्रण: राजधानीत या, तुमची जागा काढून ठेवली आहे.

चित्रकलेचे अभ्यासक या रिवाजाचं मूळ वेगळीकडे दाखवतात: बारा महिन्यांच्या सणवारांची आणि प्रसिद्ध स्थळांची जुनी चित्रं. ते खोटं नाही. उएसुगी पडद्यावर उन्हाळ्यातला गिओन उत्सव आहे, ऋतू पानापानांत वाटून दिलेले आहेत. पण याने चित्रातला ऐवज कळतो, ते कुणासाठी काढलं हे कळत नाही. माझ्या म्हणण्याला खरी अडचण होते ती सतराव्या शतकात. तेव्हा क्योतोच्या चित्रशाळा शहराचे पडदे मागणीप्रमाणे सर्रास करू लागल्या आणि शहरातल्याच पैसेवाल्यांच्या घरात ते उभे राहिले. मी एवढंच म्हणेन, की रिवाज जुना झाला की तो घरच्यांसाठीही पाळला जातो.

ओसाकाचा पडदा याच काळातला. ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहराजवळच्या एगनबर्ग राजवाड्यात तो आहे. मुळात आठ पानांचा, म्हणजे नेहमीच्या सहापेक्षा मोठा. राजपुत्र योहान सायफ्रीडने तो १६६० ते १६८०च्या दरम्यान मिळवला. पुढं अठराव्या शतकात वारसांनी पानं सुटी करून एका खोलीच्या भिंतीत बसवली. त्या खोलीचं नाव ‘इंडियन कॅबिनेट’. पूर्वेकडचं जे काही ते त्या काळच्या युरोपला हिंदुस्थानीच वाटे. दोनशेहून जास्त वर्षं ही पानं कुणी ओळखली नाहीत. २०००च्या सुमारास भिंती दुरुस्त होऊ लागल्या आणि मग कळलं, की हे तोयोतोमी हिदेयोशीच्या काळचं ओसाका आहे.

ते कसं ओळखलं, हे मला सगळ्यात आवडलं. किल्ल्याच्या खंदकावर छपराचा एक पूल आहे, गोकुराकुबाशी. तो बांधला १५९६मध्ये आणि १६००मध्ये उतरवून क्योतोच्या देवळाला नेला. त्यामुळे चित्रातला काळ त्या चार वर्षांत अडकतो. १६१५मध्ये हिदेयोशीच्या घराण्याला हरवून तोकुगावांनी हा किल्ला पाडला आणि नवा बांधताना जुन्या भिंती मातीत गाडल्या. हिदेयोशीचं ओसाका पाहायचं तर आता असल्या चित्रांचा आधार. पडद्यावर साकाई, सुमियोशी, शितेन्नोजी आहेत. शिवाय उजीसारखी दूरची ठिकाणंही ढगांच्या फटीतून ओढून आणली आहेत.

इथं माझी रीत नीट बसत नाही. हरलेल्या घराण्याचं शहर तोकुगावांच्या राज्यात कुणी करवून घेतलं असेल? कुठल्या सरदाराने पाहुण्याला द्यावं असं ते नव्हतं. ओसाकाच्या एखाद्या व्यापाऱ्याने जुन्या दिवसांसाठी करवलं असावं, असा माझा अंदाज. मग डच व्यापाऱ्यांच्या हातून ते पश्चिमेला गेलं असावं. इतक्या लांब पोचलेलं हे शहर कुणी कुणाला पाठवलेलंच नाही.

आझुचीच्या पडद्याचं काय झालं? १५८५मध्ये पोप ग्रेगरी तेराव्याच्या हाती तो पडला आणि नकाशांच्या दालनात लागला. फ्लेमिश अभ्यासक फिलिप्स फान विंगेने त्यातल्या दोन वास्तू रेखाटून घेतल्या. मूळ पडदा आजवर सापडलेला नाही. पण पुढं पॅसिफिकच्या पार मेक्सिकोत हा घडीचा प्रकार ‘बिओम्बो’ या नावाने रुळला. मेक्सिको सिटीच्या फ्रान्झ मायर संग्रहालयातल्या पडद्याच्या एका बाजूला स्पॅनिश विजयाची लढाई, दुसऱ्या बाजूला शहर. काही जण त्या शहराचं मूळ युरोपी छापील नकाशांत दाखवतात आणि रस्त्यांची सरळ आखणी पाहता ते बरोबरच आहे. पण नकाशा घडीच्या आडोशावर चढवायची कल्पना मनिलाहून मेक्सिकोला येणाऱ्या स्पॅनिश जहाजांनीच तिकडे नेली, यावर मी अडून बसणार आहे.