दिनविशेष : १ मे २०२२

महाराष्ट्र दिनाची संध्याकाळ. मुंबईहून दुर्गापूरला निघालेले स्पाइसजेटचे बोइंग ७३७ उतरू लागले आणि वादळी हवेत सापडले. ऑटोपायलट दोन मिनिटे सुटला. वैमानिकांनी विमान हाताने सावरून खाली आणले. १४ प्रवासी आणि ३ कर्मचारी जखमी झाले. त्यांतला एक प्रवासी काही महिन्यांनी दगावला.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोंदवलेले आकडे बोलके आहेत : भार +२.६४ जी ते −१.३६ जी. म्हणजे ६० किलोचा माणूस एका क्षणी १५८ किलोंचा होतो, दुसऱ्या क्षणी छताकडे फेकला जातो. पट्ट्याचा दिवा लागलेला होता. पण दिवा माणसाला बांधून ठेवत नाही!

पुणेकरांना वादळी हवेचा हा खेळ जमिनीवरून ओळखीचा आहे. वैशाखातल्या दुपारी ढग दाटतात आणि वळिवाच्या आधी धूळ उडवत गार वारा सुटतो. ढगातल्या सरींचे काही पाणी वाटेतच वाफ होते, हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चौफेर पसरते. आपल्याला तो गारवा सुखावतो. धावपट्टीकडे येणाऱ्या विमानाला मात्र आधी समोरून वारा मिळतो, मग वरून दाब, लगेच पाठीमागून वारा. पंखांची उचल घटते, तीही सावरायला उंची उरलेली नसताना.

विमानातले रडार पावसाचे थेंब टिपते, कोरडा झोत त्याला सहसा दिसत नाही. म्हणूनच वळिवाच्या संध्याकाळी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर येणारी विमाने कधी घिरट्या घालतात, कधी मुंबईकडे वळवली जातात.