तळटीप : ‘मोबाइलची किरणे’

* ‘मोबाइलची किरणे’ : लेखकाने येथे क्ष-किरण आणि मोबाइलच्या लहरी एकाच दावणीला बांधल्या आहेत, ते बरोबर नाही. मोबाइलच्या रेडिओलहरींत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना येणारी किंचित ऊब. (तासभर बोलून कान तापतो, तो मात्र मुख्यतः बॅटरी आणि सर्किटच्या उष्णतेने.) जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात टाकल्या, त्याच गटात आशियाई पद्धतीने मुरवलेल्या भाज्याही आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. भारतात हँडसेटमधून शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा आहे किलोमागे १.६ वॅट, तीही एक ग्रॅम ऊतीवरील सरासरीने. आपल्या फोनचा आकडा बहुतेक हँडसेटांत *#०७# दाबल्यावर दिसतो. वाचकांनी स्वतः पाहावा. – संपा.