माशाला सावली कशी कळते?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांत, म्हणजे मामा तलावांत, रोहू, कटला, मरळ असे मासे असतात. पाळीवरून जाणाऱ्याची सावली पाण्यावर पडली, की काठाजवळचे मासे क्षणात खोल पाण्यात पळतात. बगळा, खंड्या आणि पाणकावळा यांच्यापासून वाचायचे तर ही चपळाई हवीच. तिची सुरुवात डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात होते.

दृष्टिपटलात संदेश मुख्यतः तीन टप्प्यांनी पुढे जातो. प्रकाश आधी दंडपेशी आणि शंकुपेशी टिपतात. त्यांचे काम उलटे चालते : अंधारात त्या ग्लुटामेट हे रसायन सतत सोडतात आणि उजेड पडला, की ते कमी करतात. हे रसायन द्विध्रुवी पेशींपर्यंत पोहोचते. त्यांतील ‘ऑफ’ पेशी ग्लुटामेटने उत्तेजित होतात, म्हणून अंधारून आले की त्या संदेश देतात. ‘ऑन’ पेशींना तेच रसायन दाबून ठेवते. उजेडात ते कमी झाले, की त्या काम करू लागतात.

तिसरा टप्पा गुच्छिका पेशींचा. त्यांच्या तंतूंची मिळून दृष्टिचेता बनते आणि ती मेंदूकडे जाते. काही गुच्छिका पेशी उजेड वाढल्यावर, काही तो घटल्यावर, तर काही दोन्ही वेळी क्षणभर संदेश पाठवतात. उजेड स्थिर राहिला, की यांतील अनेक पेशी शांत होतात. हा संदेश आखूड ठेवण्यात मधल्या अमॅक्राइन पेशींचा हात असतो. त्यामुळे किती उजेड आहे यापेक्षा काय बदलले, हे मेंदूला ठळकपणे कळते.

हे तीन प्रकार हाल्डन केफर हार्टलाइन यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या डोळ्यात दाखवले. दृष्टीवरील संशोधनासाठी त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे १९७० मध्ये अकिमिची कानेको यांनी गोल्डफिशच्या दृष्टिपटलातील द्विध्रुवी व अमॅक्राइन पेशींच्या विद्युत संदेशांची नोंद केली. गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्याच कार्प कुळातला.

पावसाळ्यात तलाव गढूळ होतो, तेव्हा प्रकाश विखुरतो आणि सावलीची कडा पुसट होते. बदलच ठळक नसेल, तर ‘ऑफ’ पेशींचा इशाराही क्षीण होतो. स्वच्छ पाण्यात मात्र तोच इशारा माशाचा जीव वाचवतो.