निष्कासन आणि निर्मूलन : कॅनबेरा येथील घरांतील ॲस्बेस्टॉसचा इतिहास

१

वास्तूच्या इतिहासाची साधने कोणती, असा प्रश्न केल्यास अभ्यासक सामान्यतः नकाशे, खरेदीखते, करआकारणीचे दप्तर आणि प्रत्यक्ष पाहणी यांचा निर्देश करतील. छप्पर आणि तक्तपोशी यांच्यामधील अंधाऱ्या पोकळीत काय भरले आहे, हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येतो असे सहसा कोणास वाटत नाही. तथापि ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे एक हजाराहून अधिक घरांचे भवितव्य या पोकळीनेच ठरविले. १९६८ ते १९७९ या काळात तेथे जे उष्णतारोधक द्रव्य भरले गेले, ते १९८८ ते १९९३ या वर्षांत सरकारी खर्चाने काढण्यात आले. आणि ते काढल्यानंतर वीस वर्षांनी, २०१४ साली, ती घरेच पाडावी लागतील असा निर्णय झाला.

एकच काम दोनदा का करावे लागले? याचे तांत्रिक उत्तर उपलब्ध आहे व त्याचा परामर्श पुढे घेतला आहे. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. पहिल्या खेपेस काय काढले आणि काय काढले नाही, हे काढणाऱ्यांना ठाऊक होते व त्यांनी ते लिहूनही ठेवले होते. जे लिहिले होते, ते वाचणाऱ्यापर्यंत पोहोचताना बदलले. प्रस्तुत लेखक मूलतः भाषेचा अभ्यासक असल्याने या बदलाकडे त्याचे लक्ष गेले, आणि तोच या लेखाचा विषय होय.

२

कॅनबेरा समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सुमारे ५८० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हिवाळ्यात रात्रीचे तापमान वारंवार गोठणबिंदूखाली जाते व उन्हाळाही कडक असतो. नगराची स्थापना १९१३ सालची असली तरी त्याची खरी वाढ १९५० नंतरची आहे. शासकीय कार्यालये तेथे हलविण्यात येऊ लागली आणि कर्मचाऱ्यांसाठी उपनगरांमागून उपनगरे उभी राहिली. यांतील बहुसंख्य घरांची रचना एकसारखी होती : आत लाकडी सांगाडा, बाहेर विटांची एकेरी भिंत, दोहोंमध्ये हवेची पोकळी, आणि वर कौलारू छपराखाली पातळ तक्तपोशी. अशा घरात हिवाळ्यातील ऊब वरच्या बाजूने निसटून जाते. म्हणून तक्तपोशीवर एखाद्या हलक्या, तंतुमय द्रव्याचा थर पसरणे सोयीचे ठरते.

आपल्याकडील पारंपरिक घरात हा थर वेगळा नसतो. गवत, पेंढा किंवा कौल हेच पाऊस अडविते आणि तेच ऊन अडविते. पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना जुने काढून नवे घातले जाते ते सर्वांच्या डोळ्यांदेखत. कॅनबेराच्या घरांत पाऊस अडविणारे द्रव्य वर होते आणि थंडी अडविणारे आत, कोणाच्याही दृष्टीस न पडणारे. हा भेद पुढील घटनाक्रम समजण्यासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१९६८ च्या सुमारास एका स्थानिक व्यावसायिकाने या कामासाठी ॲस्बेस्टॉसचा कच्चा, पिंजलेला तंतू वापरण्यास आरंभ केला. सिमेंटमध्ये अथवा अन्य कशात न मिसळता तो यंत्राच्या साहाय्याने नळीतून थेट तक्तपोशीवर फुंकला जाई. काम स्वस्त होते, लवकर उरकत असे, आणि द्रव्य कधीही जळणार नाही याची हमी होती. हा तंतू प्रामुख्याने ॲमोसाइट या तपकिरी जातीचा होता. काही घरांत क्रोसिडोलाइट ही निळी जातही आढळली.

येथे कालानुक्रम महत्त्वाचा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य केप भागातील क्रोसिडोलाइटच्या खाणी आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसावरणाचा दुर्धर कर्करोग यांचा संबंध दाखविणारा वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला होता. त्यात नोंदविलेले रुग्ण केवळ खाणकामगार नव्हते. खाणीच्या परिसरात राहणारे लोकही त्यांत होते. कॅनबेरातील व्यवसाय सुरू झाला त्याच वर्षी, म्हणजे १९६८ मध्ये, केंद्रीय आरोग्य खात्यातील एका तज्ज्ञाने हा प्रकार थांबविण्याची शिफारस केली. शिफारस दप्तरात राहिली आणि काम आणखी सुमारे दहा वर्षे चालू राहिले. तेव्हा ज्ञान नव्हते म्हणून अनर्थ घडला, हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही.

३

या प्रकरणातील नावे स्वतंत्र विचारास पात्र आहेत. ग्रीक भाषेत 'आस्बेस्टॉस' म्हणजे 'न विझणारे'. हे विशेषण मुळात कळीच्या चुन्यास लावीत. आज आपण ज्या खनिजास हे नाव देतो, त्यास ग्रीक लोक 'आमिआन्टॉस' म्हणत. त्याचा अर्थ 'निष्कलंक'. त्याचे कापड आगीत टाकले असता मळ जळून जाई व वस्त्र शुभ्र होऊन बाहेर येई, हे त्या नावाचे कारण. फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश भाषांत या खनिजाचे नाव अद्यापि याच शब्दापासून आलेले आहे. 'ॲमोसाइट' हे नाव याच्या उलट अगदी अर्वाचीन असून ते दक्षिण आफ्रिकेतील एका खाणकंपनीच्या आद्याक्षरांपासून बनले. तर 'क्रोसिडोलाइट' या नावाच्या मुळाशी लोकरीच्या लवेचा वाचक ग्रीक शब्द आहे.

म्हणजे एका नावात पावित्र्य आहे, एकात व्यापार आहे आणि एकात मऊपणा आहे. धोका मात्र कोणत्याच नावात नाही. कॅनबेराच्या लोकांनी यात आपली भर घातली. त्या व्यावसायिकास व पुढे त्या द्रव्यासही 'मिस्टर फ्लफी' हे नाव पडले. पिंजाऱ्याच्या धनुकलीखालून निघालेल्या कापसासाठी आपण जसे 'लुसलुशीत' म्हणू, तसा हा शब्द. लहान मुलांच्या खेळण्यास शोभावा असा. 'आमच्या घरात ॲस्बेस्टॉस आहे' आणि 'आमचे घर फ्लफीचे आहे' या दोन वाक्यांचा निर्देश एकाच वस्तूकडे असला, तरी ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम एक नाही.

४

१९८० नंतर या द्रव्याविषयीची चिंता वाढत गेली आणि १९८८ साली केंद्र सरकारने निष्कासनाचा कार्यक्रम हाती घेतला. १९८० पूर्वी बांधलेल्या सुमारे ६५,००० घरांची पाहणी करण्यात आली व त्यांतून एक हजाराहून अधिक बाधित घरे निश्चित झाली. तक्तपोशीवरील तंतू यंत्राने शोषून घेण्यात आला आणि जे सूक्ष्म कण उरतील ते जागच्या जागी चिकटून राहावेत म्हणून वर बंधक द्रावण फवारण्यात आले. १९८९ साली या प्रदेशास स्वराज्य मिळाले. त्यामुळे कामाची व खर्चाची जबाबदारी केंद्र आणि प्रदेश यांच्यात विभागली जाऊन १९९१ मध्ये तसा करार झाला. १९९३ साली काम संपले. एकंदर खर्च सुमारे १० कोटी डॉलर झाला.

घराचे काम पूर्ण होताच मालकास एक प्रमाणपत्र मिळे. कार्यक्रमाची व्याप्ती 'दृश्य आणि हाताशी येण्याजोगा' ॲस्बेस्टॉस काढण्यापुरती होती. भाषिक दृष्टीने पाहता ही दोन विशेषणे म्हणजे या इतिहासाचा कणा होत. ती प्रामाणिक होती. विटांची भिंत आणि लाकडी सांगाडा यांच्यामधील पोकळीत जे तंतू वर्षानुवर्षे खाली झिरपले होते, ते दिसत नव्हते आणि भिंत फोडल्यावाचून हाती लागत नव्हते. विशेषणांनी ही मर्यादा मान्य केली होती.

परंतु विशेषणांचे आयुष्य अल्प असते. मूळ मालकाने घर विकले. घेणाऱ्याने 'निष्कासनाचे प्रमाणपत्र आहे' एवढे ऐकले. त्याने पुढे विकताना 'घर स्वच्छ केलेले आहे' असे सांगितले. तिसऱ्या मालकास तर कित्येकदा काही सांगण्याचीच गरज कोणास भासली नाही. 'दृश्य तेवढे काढले' याचे 'काढले' झाले, 'काढले' याचे 'नाही' झाले. विशेषण गळाले, मग क्रियापदाची आठवण गेली, शेवटी विषयच नाहीसा झाला. या प्रक्रियेत कोणीही जाणूनबुजून असत्य बोलले असे म्हणण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपल्या आधीच्या माणसाचे बोलणे थोडे संक्षिप्त केले, इतकेच. दरम्यान त्या घरांत भिंती पाडल्या गेल्या, दिव्यांसाठी तक्तपोशीस भोके पडली, नळ्या टाकण्यास माणसे जमिनीखालच्या पोकळीत उतरली.

५

डाउनर या उपनगरातील एक घर १९८८ नंतरच्या पाहणीत नजरेतून सुटले होते. ते पुढे उघडकीस आले आणि २०१३ साली पाडण्यात आले. त्या वेळी घराची बारकाईने तपासणी झाली असता तंतू केवळ तक्तपोशीवर नव्हे, तर भिंतींच्या पोकळ्यांत व जमिनीखालीही पोहोचल्याचे दिसून आले. हे घर कधीच साफ झालेले नव्हते हे खरे. परंतु त्याने जो प्रश्न उपस्थित केला तो साफ झालेल्या घरांविषयीचा होता. येथे तंतू भिंतीत उतरले असतील, तर इतरत्र निष्कासनापूर्वीच ते उतरले नसतील कशावरून?

फेब्रुवारी २०१४ मध्ये एक हजाराहून अधिक मालकांना सरकारी पत्रे गेली. तपासण्या सुरू झाल्या आणि निष्कासनाचे प्रमाणपत्र असलेल्या घरांतही कपाटे व राहत्या खोल्या येथे तंतू आढळू लागले. काही कुटुंबांना अंगावरच्या वस्त्रांनिशी घर सोडावे लागले. गाद्या, पुस्तके, मुलांची खेळणी मागेच राहिली. ज्या पालकांनी आपल्या मुलांना त्या घरांत वाढविले होते, त्यांच्या मनःस्थितीचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु या रोगाची लक्षणे प्रकट होण्यास कित्येक दशके लागतात, एवढे सांगितले तरी त्या चिंतेचे स्वरूप ध्यानात येईल. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अशा घरांत राहिलेल्या पुरुषांमध्ये मेसोथेलिओमाचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे अडीच पट आढळले.

२८ ऑक्टोबर २०१४ रोजी प्रदेश सरकारने सर्व बाधित घरे विकत घेऊन पाडण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी केंद्राने १०० कोटी डॉलरचे कर्ज दिले. घराची किंमत त्यात ॲस्बेस्टॉस नाही असे समजून ठरविली जाई. १ जुलै २०१५ रोजी बाधित पत्त्यांची यादी सर्वांसाठी प्रसिद्ध झाली. वीस वर्षे कागदपत्रांत दडलेली माहिती अशा रीतीने प्रथमच सार्वजनिक झाली.

योजनेचे नाव या ठिकाणी लक्षणीय आहे. पहिला कार्यक्रम 'निष्कासना'चा होता. दुसऱ्या योजनेसाठी जो इंग्रजी शब्द निवडला गेला त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'मूळ' या अर्थाचा शब्द आहे, आणि आपला 'निर्मूलन' हा शब्द त्याचा अर्थतः तंतोतंत प्रतिरूप होय. निष्कासनात वस्तू बाहेर काढली जाते आणि पात्र शिल्लक राहते. निर्मूलनात पात्र आणि वस्तू वेगळी करता येत नाहीत, ही कबुली अंतर्भूत आहे. १९८८ ते २०१४ या सव्वीस वर्षांत सरकारी ज्ञानात जी वाढ झाली, ती या दोन शब्दांच्या अंतराइतकी आहे.

६

कॅनबेराच्या सीमेस लागून न्यू साउथ वेल्स राज्यातील क्वीनबियन हे गाव आहे. तेथील काही घरांतही तोच तंतू फुंकला गेला होता. परंतु १९८८ चा कार्यक्रम राजधानीच्या प्रदेशापुरता होता. सीमा ओलांडताच ना पाहणी, ना निष्कासन, ना प्रमाणपत्र. त्या राज्याने खरेदीची योजना २०१५ मध्ये जाहीर केली. तंतूस सीमा ठाऊक नव्हती. दप्तरास मात्र होती. ज्या घराविषयी अपुरे लिहिले गेले, आणि ज्याविषयी काहीच लिहिले गेले नाही, त्या दोहोंचा शेवट सारखाच झाला, ही गोष्ट इतिहासलेखनाच्या अभ्यासकाने मनन करण्याजोगी आहे.

या विवेचनातून आपल्यापुरता एक निष्कर्ष निघतो. महाराष्ट्रातील वस्त्यांवर, गोदामांवर व शाळांवर ॲस्बेस्टॉसमिश्रित पत्रे आजही दिसतात. त्यांतील तंतू सिमेंटने बांधलेला असल्याने त्यांची तुलना कॅनबेराच्या सुट्या तंतूशी सरळ करणे युक्त होणार नाही. धोका मुख्यतः ते कापताना, फोडताना व काढताना उद्भवतो. परंतु व्यवहारात आपण त्यांना 'सिमेंटचे पत्रे' म्हणतो. येथेही मिश्रणातील एक घटक नावात राहिला आणि दुसरा नावातून गळाला. जुने पत्रे उतरवून नवे घालण्याचे काम ज्याच्या हाती येते, त्या मजुराच्या हाती बहुधा केवळ हे नावच असते.

म्हणून असल्या द्रव्याच्या इतिहासात 'काढले' ही नोंद अपुरी समजावी. काय काढले, कोठपर्यंत काढले आणि काय मागे राहिले, हे तिन्ही एकाच वाक्यात असल्याखेरीज, आणि ते वाक्य घराबरोबर एका मालकाकडून दुसऱ्याकडे अखंड गेल्याखेरीज, काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. कॅनबेरात तंतू शोषून घेणारी यंत्रे होती, पैसा होता, आणि प्रमाणपत्रावर खरे लिहिण्याचा प्रामाणिकपणाही होता. उणे राहिले ते दोन विशेषणांचे जतन.